मे महिन्यातला राफ्ट ७२ अंशांवर गेला: उष्णतेने सिमेंट नुसतं लवकर पिकतं, की आतला मालही बदलतो?

नमस्कार. इतर वाचणाऱ्यांनाही धागा मिळावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. मुरगाव तालुक्यात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर तुमची साइट. पावसाआधी उरकायचं म्हणून मे महिन्याच्या अखेरीस १.२ मीटर जाडीचा राफ्ट, म्हणजे इमारतीखालचा सलग काँक्रीटचा पाया, टाकला. काँक्रीट एम ३५ ग्रेडचं, घनमीटरला ४०० किलो ओपीसी ५३ (साधं पोर्टलँड सिमेंट, ५३ ग्रेड). दुसऱ्या दिवशी राफ्टच्या पोटात ७२ अंश सेल्सियस नोंदले गेले. ताकद तपासायला साइटच्या टाकीत ठेवलेले क्यूब, म्हणजे काँक्रीटचे घन ठोकळे, ७ दिवसांना दणदणीत आले, पण २८ दिवसांना डिसेंबरमधल्या क्यूबपेक्षा कमी भरले, मिक्स तेच असूनही. कंत्राटदार म्हणतो, "उष्णतेने लवकर पिकलं, बरंच झालं की." आणि तुम्ही विचारताय की उष्णतेने फक्त वेग वाढतो, की आत तयार होणारा मालही बदलतो? दुसऱ्या विंगचा राफ्ट ऑक्टोबरमध्ये टाकायचा आहे, तेव्हा काय करावं?

मालही बदलतो, हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर. पण किती बदलतो आणि तुमच्या राफ्टला त्याची किती झळ लागेल, हे बऱ्याच गोष्टींवर ठरतं. शिवाय तुमच्या प्रश्नात मला दोन वेगळे प्रश्न दिसतात. एक क्यूबचा आणि एक राफ्टचा. दोघांनी भोगलेली उष्णता सारखी नाही, त्यामुळे एकाच्या आकड्यावरून दुसऱ्याबद्दल बोलता येत नाही. आणि खाडीच्या काठावर माझी पहिली काळजी ताकदीची नसते. किनाऱ्यालगतच्या इमारतींच्या दुरुस्तीला गेलं की दिसतं ते असं: काँक्रीट दाबाखाली चिरडलेलं नसतं, सळई गंजून फुगलेली असते आणि कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीटचं आवरण, सुटून आलेलं असतं. त्या गंजाला वाट कुठून मिळाली हे शोधत मागे गेलं, की पुष्कळदा काँक्रीट टाकल्यानंतरच्या पहिल्या दोन-चार दिवसांपाशी येऊन पोचतो. म्हणून हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो.

आधी उष्णता आली कुठून ते पाहू. गोव्यात मे महिन्यात दुपारचा पारा ३३-३४ च्या आसपास असतो. विदर्भासारखा तो ४५ ला जात नाही आणि हवेत दमटपणाही भरपूर असतो. त्यामुळे पाच-सहा इंची स्लॅबमध्ये उष्णतेने रसायन बिघडेल याची मला फारशी भीती वाटत नाही. पातळ स्लॅब आपली उष्णता दोन्ही बाजूंनी टाकून देतो. तिथे पाणी उडून जाऊ न देणं एवढं सांभाळलं तरी पुष्कळ. राफ्टची गोष्ट वेगळी, कारण तो स्वतःच तापतो. उष्णता बाहेर पडायला वाव नसेल, तर ओपीसीच्या दर १०० किलोमागे घनमीटरभर काँक्रीटचं तापमान साधारण १० ते १२ अंशांनी चढतं. ४०० किलोला ४० ते ४८ अंश झाले. टाकतानाचं काँक्रीट ३५ अंशांवर असेल तर बेरीज ७५ च्या पुढे जाते, थोडी उष्णता कडेने निसटते, आणि उरतात तुमचे ७२. हा आकडा काँक्रीट टाकण्याआधी कागदावर काढता आला असता.

आता मुख्य मुद्दा. सिमेंटमध्ये चार मुख्य संयुगं असतात, त्यातली ताकद देणारी दोन म्हणजे ट्रायकॅल्शियम आणि डायकॅल्शियम सिलिकेट. त्यांचा पाण्याशी संयोग झाला की कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, म्हणजे ज्याला आपण सी-एस-एच म्हणतो ते जेल तयार होतं आणि सोबत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चुना, बाहेर पडतो. काँक्रीटला एकत्र धरतं ते हे जेल. तापमान दर दहा-बारा अंशांनी वाढलं की ही क्रिया अंदाजे दुप्पट वेगाने होते. कंत्राटदार जे बघतोय ते हेच, आणि तेवढ्यापुरतं त्याचं बरोबर आहे. १९५१ मध्ये सॉल यांनी मांडलेला परिपक्वतेचा नियमही हेच सांगतो: तापमान आणि वेळ यांचा गुणाकार सारखा असेल तर एकाच मिक्सची ताकद जवळपास सारखी. सेंट्रिंग कधी काढायचं हे ठरवायला हा हिशेब उत्तम चालतो आणि मीही तो वापरतो. पण तो सुरुवातीच्या दिवसांपुरता खरा आहे. २८ दिवस, सहा महिने, वर्ष असा पुढचा विचार केला की गणित उलटतं. सुरुवातीला जास्त तापलेलं काँक्रीट पुढे मागे पडतं आणि थंडाव्यात सावकाश पिकलेलं त्याला ओलांडून जातं.

याचं कारण १९६८ च्या टोकियो परिषदेत व्हर्बेक आणि हेल्मुथ यांनी मांडलं, आणि पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तेच चित्र दिसलं. सिमेंटचा कण पाण्यात विरघळू लागतो तेव्हा कॅल्शियम आणि सिलिकेटचे आयन कणापासून बाहेर निघतात. क्रिया सावकाश चालू असेल तर त्यांना दूरवर पसरायला वेळ मिळतो. कणाकणांमध्ये जी पाण्याने भरलेली पोकळी असते तिथे जाऊन ते जेलच्या रूपात बसतात आणि ती पोकळी भरत जाते. तापमान ६०-७० वर गेलं की आयन पसरण्याच्या वेगापेक्षा ते तयार होण्याचा वेग वाढतो. मग जेल कणाच्या अंगालाच घट्ट कवचासारखं बसतं. तव्याखाली आच मोठी केली की भाकरीला वरून डाग पडतात आणि आत ती कच्ची राहते, त्यातलाच हा प्रकार. पॉलिश केलेल्या नमुन्याच्या सूक्ष्मदर्शक चित्रात न विरघळलेल्या सिमेंटचा गाभा पांढराशुभ्र दिसतो, त्याभोवती दाट जेलचं करडं कडं, आणि कड्यांच्या मधे काळी भोकं. ५० अंशांवर पिकवलेल्या नमुन्यातली काळी भोकं २० अंशांच्या नमुन्यापेक्षा मोठी आणि ठळक असतात.

नुकसान इथे दुहेरी आहे. कवच दाट झाल्यामुळे आतल्या कोरड्या सिमेंटपर्यंत पाणी पोचायला अडथळा येतो, म्हणून पुढची क्रिया रेंगाळते. आणि मधली पोकळी भरायची ती रिकामीच राहते. जेलचा पोतही बदललेला असतो: त्यात बांधलेलं पाणी कमी, सिलिकेटच्या साखळ्या लांब, घनता जास्त. घनता जास्त हे ऐकायला चांगलं वाटतं आणि इथेच अनेकांची फसगत होते. जेल दाट झालं म्हणजे तेवढंच वजन कमी जागेत मावलं, आणि भरायची जागा तर तेवढीच आहे. म्हणजे जेल दाट, पण काँक्रीट सच्छिद्र.

दुसरा बदल सल्फेटच्या बाजूने होतो. सिमेंट दळताना जिप्सम घालतात, ते ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट या चारांतल्या आणखी एका संयुगाला आवरायला. या दोघांतून एट्रिंजाइट नावाचे सुईसारखे स्फटिक बनतात. एट्रिंजाइटच्या एका रेणूत पाण्याचे ३२ रेणू असतात, त्यामुळे ते पुष्कळ जागा व्यापतं आणि ताज्या काँक्रीटमधली पोकळी भरायला मदत करतं. ५० अंशांच्या आसपास गेलं की एट्रिंजाइट कमी आणि मोनोसल्फेट जास्त राहू लागतं, काही सल्फेट जेलमध्ये अडकून बसतं. मोनोसल्फेट कमी जागा घेतं, म्हणजे पोकळीत पुन्हा भर पडली. आणि साधारण ७० अंशांच्या वर एट्रिंजाइट टिकतच नाही.

ही ७० ची रेषा तुमच्या राफ्टसाठी महत्त्वाची आहे, म्हणून इथे थोडा थांबतो. सुरुवातीच्या काही तासांत काँक्रीट ७० च्या वर गेलं की विस्कटलेल्या एट्रिंजाइटचं सल्फेट जेल धरून ठेवतं. काँक्रीट थंड होऊन घट्ट झाल्यावर, पुढे ओल मिळत राहिली, तर तेच सल्फेट हळूहळू सुटतं आणि एट्रिंजाइट पुन्हा तयार होतं. या वेळी मात्र त्याला फुगायला मोकळी जागा नसते. पेस्ट आतून ताणली जाते, खडीभोवती फटी पडतात, पृष्ठभागावर नकाशासारख्या भेगा दिसतात. याला विलंबित एट्रिंजाइट म्हणतात. १९८० च्या दशकात युरोपमध्ये वाफेवर पिकवलेल्या रेल्वेच्या काँक्रीट स्लीपरमध्ये हा प्रकार ठळकपणे पुढे आला. म्हणूनच परदेशी मानकं जाड कामांत ७० ची मर्यादा घालतात.

लगेच घाबरू नका. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: ७० च्या वरचं तापमान, सतत ओल, आणि तशा जातीचं सिमेंट, म्हणजे सल्फेट, ॲल्युमिनेट आणि अल्कली जास्त असलेलं व बारीक दळलेलं. खाडीकाठचा राफ्ट वर्षभर पाण्यात असतो, म्हणजे ओलीची अट पुरी झाली. तापमान रेषेच्या जेमतेम वर गेलं. तिसरी गोष्ट तुमच्या सिमेंटच्या प्रमाणपत्रावरून कळेल. शिवाय हे फुगणं वर्षानुवर्षांचं काम आहे, आणि ७२ ला जेमतेम स्पर्श करून आलेलं काँक्रीट ८५ वर दिवसभर राहिलेल्या काँक्रीटच्या पंगतीत बसत नाही.

इथवरचं एकत्र करतो. वेग वाढतो हे खरं, पण वेगाबरोबर जेल कुठे बसतं, किती जागा भरतं आणि सल्फेट कोणत्या रूपात राहतं हे तिन्ही बदलतं. साठच्या आत याचा परिणाम म्हणजे थोडी घटलेली अंतिम ताकद आणि वाढलेली सच्छिद्रता. सत्तरच्या वर त्यात कालांतराने फुगण्याची शक्यता मिळते.

आता क्यूबकडे येऊ. दीडशे मिलिमीटरचा क्यूब स्वतःच्या उष्णतेने फारसा तापत नाही. त्याला तापवतं ऊन. पहिली रात्र होईपर्यंत लोखंडी साचे उन्हात, नंतर क्यूब उघड्यावरच्या टाकीत. आपल्या मानकात क्यूबसाठी पाण्याचं तापमान २७ अंश, दोन इकडे दोन तिकडे, एवढंच धरलंय. दुपारी तीन वाजता तुमच्या टाकीत थर्मामीटर बुडवून पाहा. उथळ टाकीचं पाणी मे महिन्यात हवेपेक्षाही गरम झालेलं मी अनेकदा पाहिलंय. डिसेंबरमध्ये गोव्यातली रात्र विशीपर्यंत उतरते, टाकी गार राहते, क्यूब सावकाश पिकतात, ७ दिवसांना थोडे मागे आणि २८ ला पुढे. तुमचे दोन्ही निकाल एकमेकांशेजारी ठेवले की वर सांगितलेली उलटापालट त्यात सरळ दिसते.

पण रसायनाला दोष देण्याआधी पाण्याची चौकशी करा, हे मी आग्रहाने सांगतो. गरम काँक्रीटचा स्लम्प, म्हणजे पातळपणाचं माप, भराभर उतरतो. वास्कोच्या रस्त्यात आरएमसीची (प्लँटमधून तयार काँक्रीट आणणारी) गाडी अर्धा तास अडकली की साइटवर पोचेपर्यंत माल घट्ट होतो, आणि पंप चालवणारा "थोडं पाणी सोड" म्हणतो. त्या थोड्या पाण्याने २८ दिवसांची ताकद जेवढी घटते तेवढी टाकीच्या आठ-दहा अंशांनी घटेलच असं नाही. गाडीबरोबर आलेल्या चलनावर पाणी घातल्याची नोंद नसते, म्हणून साइटवरच्या माणसांना शांतपणे विचारा. स्लम्प पाण्याने वाढवायचा नाही, ॲडमिक्स्चरने (मिसळायच्या रसायनाने) वाढवायचा, तोही प्लँटवाल्याने ठरवलेल्या मात्रेत.

तेव्हा तुमचे क्यूब मिक्सबद्दल थोडं सांगतात, टाकीबद्दल बरंच सांगतात, आणि राफ्टच्या पोटाबद्दल काहीच सांगत नाहीत. पोट ७२ वर गेलं, क्यूब पस्तिशीत राहिले. राफ्टची खरी ताकद कळायची तर कोअर, म्हणजे राफ्टमधून कापलेले दंडगोल नमुने, काढायला हवेत. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कोअरची सरासरी अपेक्षित क्यूब ताकदीच्या ८५ टक्के आणि कुठलाही एक कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नसेल तर काम स्वीकारता येतं. माझा अंदाज, तुमचा राफ्ट यात अडचणीशिवाय बसेल.

मिठाचं काय? मिठातलं क्लोराइड आत शिरतं ते याच जोडलेल्या पोकळ्यांतून, आणि गरम पिकवलेल्या ओपीसी काँक्रीटमध्ये ते जास्त खोल जातं हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. मी ते असं पाहतो: खाऱ्या पाण्यात ठेवलेला कोअर मधोमध फोडायचा आणि ताज्या तुटलेल्या तोंडावर सिल्व्हर नायट्रेटचं पातळ द्रावण फवारायचं. मीठ पोचलेला भाग काही मिनिटांत पांढरट होतो, पलीकडचा तपकिरी पडतो. दोहोंमधली रेघ स्पष्ट दिसते, पट्टी लावून मोजता येते. गरम आणि गार पिकवलेले दोन तुकडे शेजारी ठेवून ही रेघ एकदा डोळ्यांनी पाहिली की क्युरिंगबद्दल, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पिकवण्याबद्दल, कुणाला व्याख्यान द्यावं लागत नाही. मी गवंडी आणि मुकादम दोघांनाही मुद्दाम दाखवतो.

तुमच्या राफ्टपुरता मात्र एक दिलासा आहे. ७२ अंश पोटात होते, मीठ येतं बाहेरून. सळईवरचं कव्हर पोटापेक्षा बरंच गार राहिलं असणार. म्हणून पोटाची काळजी फुगण्याची आणि पृष्ठभागाची काळजी भेगांची, अशी माझी वाटणी आहे. पोट गरम, कातडी गार, हा फरक साधारण २० अंशांच्या वर गेला की पृष्ठभागाला तडे जातात, आणि तड्यातून मीठ थेट सळईवर जातं. इथे आपल्याकडे एक फार रुजलेली चूक होते. राफ्ट तापलाय म्हणून त्यावर विहिरीचं किंवा टँकरचं गार पाणी पाइपने मारतात. हेतू चांगला, परिणाम उलटा. कातडी झटकन आकसते, पोट फुगलेलं राहतं. पहिले दोन-तीन दिवस राफ्टला गारवा नको, ओल हवी. आळी करून साठवलेलं, तिथेच कोमट झालेलं पाणी चालेल. क्युरिंगचं पाणी काँक्रीटपेक्षा ११ अंशांहून जास्त गार नसावं, असा संकेत आहे. गोणपाटावर प्लास्टिक आणि त्यावर थर्मोकोलच्या शीट टाकून राफ्टला चक्क पांघरूण घालायचं. मे महिन्यात काँक्रीटला पांघरूण घाला म्हटलं की लोक चमकून बघतात, पण जाड कामात तेच बरोबर आहे. उष्णता कमी करायची ती काँक्रीट टाकायच्या आधी.

ती कशी, याचा हिशेब दाखवतो. खडी, रेती आणि सिमेंट यांची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता पाण्याच्या जेमतेम २२ टक्के असते. घनमीटरला १८०० किलो खडी-रेती ३४ अंशांवर, ४०० किलो सिमेंट ५० वर आणि १७० किलो पाणी ३२ वर धरलं तर तयार काँक्रीट साधारण ३५.६ अंशांवर येतं. सिमेंट दहा अंशांनी गार मिळालं तरी फरक पडतो फक्त १.३ चा. खडी-रेती सावलीत ठेवून, खडीवर पाणी शिंपडून ती पाच अंशांनी उतरवली तर ३ अंश कमी होतात. पाणी ३२ वरून १२ वर आणलं तर ५ अंशांहून जास्त. दोन्ही केलं तर काँक्रीट २७ च्या आसपास पडतं, आणि पोटाचा आकडा ७२ ऐवजी ६४ च्या आगेमागे राहतो. म्हणजे ७० च्या रेषेखाली, सुरक्षित अंतरावर. खडीवर शिंपडलेलं पाणी मिक्सच्या पाण्यातून वजा करायला प्लँटवाल्याला बजावून सांगा.

चिलर नसेल तर बर्फ. पाण्यापैकी ५० किलो बर्फाच्या रूपात घातलं तर नुसत्या वितळण्यातच साधारण ६ अंश जातात. बर्फ चुरा करूनच घालायचा आणि ड्रममधून माल बाहेर पडण्याआधी तो पुरता वितळला पाहिजे, नाहीतर काँक्रीटमध्ये त्याच्या जागी पोकळी राहते. गोव्यात बर्फाला तोटा नाही. मालिम, कुटबण, वास्कोचा खारीवाडा, जिथे जिथे ट्रॉलर लागतात तिथे मासळीसाठी बर्फ मिळतोच. पण तिथला बर्फ घेताना एक तपासणी सोडू नका. लाद्या बनवायचे डबे मिठाच्या पाण्यात बुडवलेले असतात. डबा गळका असेल किंवा लादी काढताना वरून मिठाचं पाणी आलं असेल तर ते क्लोराइड थेट तुमच्या सळयांभोवती गेलं. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यातलं क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नसावं, असं आयएस ४५६ सांगतं. वितळलेल्या बर्फाचा नमुना प्रयोगशाळेत देऊन मगच ऑर्डर द्या.

यापेक्षाही मोठा फरक सिमेंट बदलल्याने पडतो. खाडीकाठच्या जाड राफ्टला नुसतं ओपीसी ५३ का घेतलं, हे मला तुमच्या कन्सल्टंटना विचारावंसं वाटतं. सिमेंटमध्ये निम्म्याच्या आसपास स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) किंवा तीसेक टक्के फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) असेल तर उष्णता सावकाश सुटते. स्लॅग आणि फ्लाय ॲश यांची क्रिया मुळात मंद, तिला जाग यायला उष्णताच लागते, त्यामुळे ओपीसीचं जे नुकसान गरम पोटात होतं ते या सिमेंटचं पुष्कळ कमी होतं. ती क्रिया बाहेर पडलेला चुना वापरून आणखी जेल बनवते आणि राहिलेल्या पोकळ्या बुजवते. मिठाला अडवण्यात असं काँक्रीट ओपीसीच्या कितीतरी पुढे असतं, आणि पुरेशा मात्रेत विलंबित एट्रिंजाइटलाही ते आळा घालतं. बदल्यात ७ दिवसांचा क्यूब कमी येईल, आणि तो पाहून कुणी ओरड केली तर ५६ दिवसांचा निकाल मागा. क्युरिंगही जास्त दिवस लागतं: आयएस ४५६ मध्ये ओपीसीला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटला १०, आणि शक्य तिथे १४. गोव्यात मिश्र सिमेंट वापरून सातव्या दिवशी पाणी बंद करणाऱ्या साइट मी रोज पाहतो. चांगलं सिमेंट घेऊन त्याचा निम्मा फायदा फेकून देण्यासारखं आहे ते.

उष्णता मुळात वाईट नाही, हेही सांगायला हवं. आपल्याकडे भिंतींसाठी सर्रास वापरले जाणारे हलके एएसी ब्लॉक १८०-१९० अंशांच्या दाबाखालच्या वाफेत पिकवतात. त्यात बारीक सिलिका मुद्दाम भरपूर असते, म्हणून तिथे जेलऐवजी टोबरमोराइटचे मजबूत स्फटिक बनतात. तेच तापमान साध्या सिमेंटला सिलिकेशिवाय दिलं तर कमकुवत आणि सच्छिद्र संयुगं मिळतात. प्रीकास्टवाले, म्हणजे काँक्रीटचे नग आधीच ओतून तयार करणारे, वाफ देतात तेव्हाही आधी तीन-चार तास थांबतात, तासाला २० अंशांपेक्षा जास्त वेगाने चढवत नाहीत आणि साठ-पासष्टवर रोखतात. नीट केलं तर ते उत्तम. मात्र वाफेवरच्या पातळ नगात कव्हरही पोटाइतकंच तापतं, म्हणून किनाऱ्यावर कंपाउंडचे प्रीकास्ट खांब घेताना त्यात स्लॅग किंवा फ्लाय ॲश आहे का हे मी आधी विचारतो.

तुमचा आत्ताचा राफ्ट तोडण्याचं काहीही कारण मला दिसत नाही. ५६ दिवस झाले की तीन-चार कोअर काढा, प्रत्येकाचा वरचा आणि मधला भाग वेगळा तपासा, ताकदीबरोबर क्लोराइड प्रवेशाची आरसीपीटी चाचणीही करून घ्या. कोअरची भोकं न आकसणाऱ्या ग्राउटने बुजवा. वरचा पृष्ठभाग धुऊन, अर्धवट सुकत असताना पाहा. भेगा ओल धरून ठेवतात, त्यामुळे त्या वेळी त्या काळ्या रेघांसारख्या उठून दिसतात. सापडल्या तर इपॉक्सी भरून मगच पुढचं काम. तापमानाची नोंद, सिमेंटचं प्रमाणपत्र आणि चलनं एका फाइलमध्ये ठेवा आणि ती इमारतीच्या कायमच्या कागदपत्रांत जाऊ द्या. दहा वर्षांनी कुणी नकाशासारख्या भेगा पाहिल्या तर त्याला कुठून सुरुवात करायची हे कळेल.

दुसऱ्या विंगसाठी ऑक्टोबरची वाट न पाहता ट्रायल मिक्स आत्ता पावसातच घ्या. स्लॅग सिमेंटचा ५६ दिवसांचा निकाल हातात यायला तेवढा वेळ लागेलच. ऑक्टोबरचं ऊन मे महिन्यापेक्षा फार सौम्य नसतं, म्हणून काँक्रीट संध्याकाळी सुरू करून रात्रीत संपवा. तापमान मोजणारे थर्मोकपल तीन ठिकाणी बसवा: पोटात, वरच्या सळईपाशी आणि खालच्या सळईपाशी. पहिले चार दिवस दर दोन तासांनी वाचन घ्या, आणि वर-पोट फरक १८ च्या पुढे सरकला की पांघरूण वाढवा. सध्याच्या राफ्टचे दोन आकडे मला कळवा: ७० च्या वर तो एकूण किती तास होता, आणि प्रमाणपत्रात सल्फेट व ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट किती टक्के आहे. ते कळले की फुगण्याच्या शक्यतेबद्दल याहून नेमकं सांगता येईल.